दोन पोर्टचा इंडस्ट्रियल पीसी नेटवर्कला जोडताय? या चुका टाळा

कंट्रोल पॅनेलमधल्या फॅनलेस पीसीला बहुधा दोन इथरनेट पोर्ट असतात. एक पीएलसीकडे (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरकडे) जातो, दुसरा ऑफिसच्या नेटवर्ककडे. घोळ सुरू होतो तो इथूनच.

सगळ्यात छळणारी चूक म्हणजे दोन्ही पोर्टना एकाच सबनेटमधले (नेटवर्कच्या एकाच गटातले) आयपी पत्ते देणं. समजा, एकाला १९२.१६८.१.१० आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.११ दिला. दोन्हींचे लाइट लागतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण पीसीवर लिनक्स असेल तर या सबनेटकडे जाणारा सगळा डेटा तो एकाच पोर्टने पाठवतो. पीएलसी दुसऱ्या पोर्टवर असेल तर तो सापडतच नाही. दोन्ही केबल एकाच स्विचला असतील तर आणखी मजा: लिनक्सच्या लेखी आयपी पोर्टचा नसून अख्ख्या मशीनचा, म्हणून ‘.११ कोणाकडे आहे?’ अशी एआरपी विचारणा आली की पहिला पोर्टही खुशाल उत्तर देतो. एक केबल काढली की दुसऱ्या पोर्टचं कामही बंद पडतं, ही याची खूण. एआरपीच्या सेटिंग बदलून वेळ मारून नेता येते, पण सरळ सबनेट वेगळे करा. डिफॉल्ट गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जायचा पत्ता) फक्त ऑफिसच्या पोर्टवर ठेवा, पीएलसीकडची ती जागा रिकामी सोडा.

दुसरी चूक हौसेची. ‘लिंक पक्की राहावी’ म्हणून पीसीवर १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा) फिक्स करतात आणि स्विच ऑटोवरच राहतो. ऑटोवरच्या स्विचला समोरचा वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही. मग तो हाफ (एका वेळी एकच दिशा) धरून चालतो. पिंग बिनबोभाट चालतो, कारण एका वेळी एकच छोटं पॅकेट जातं. मोठी फाइल पाठवली की सगळं रडतखडत. अशा वेळी इथटूल या लिनक्सच्या कमांडने एरर काउंटर बघा. पीसीकडे सीआरसी एरर (खराब होऊन पोचलेली पॅकेट) आणि स्विचकडे लेट कोलिजन (पॅकेटची उशिरा झालेली टक्कर) वाढत असतील तर निदान झालंच. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा.

सीआरसी एरर मोटर सुरू झाल्यावरच वाढत असतील तर मात्र सेटिंगला हात लावू नका, केबल ट्रे उघडा. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलशेजारून नेटवर्कची केबल गेलेली असण्याची शक्यता मोठी. ती लांबून न्या, शिल्डेड वापरा. गिगाबिट लिंक अचानक १०० वर उतरली तर क्रिंपिंग (केबलच्या टोकाचा कनेक्टर नीट बसलाय का) तपासा. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात.

एका पीसीची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढून बाकीच्यांवर टाकणार असाल तर आणखी एक भानगड. वेगवेगळे मॅक (पोर्टचे हार्डवेअर पत्ते) असूनही दोन पीसींना डीएचसीपी (आयपी आपोआप वाटणारी सेवा) एकच आयपी देऊ शकतो. लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळणारा सिस्टमडी-नेटवर्कडी स्वतःची ओळख मशीन-आयडीवरून सांगतो आणि तो आयडी इमेजबरोबर सगळीकडे गेलेला असतो. इमेज काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. पुढच्या बूटला प्रत्येक पीसी आपला नवा आयडी तयार करतो.