कन्नड ॲफिडेव्हिट, मराठी साक्षीदार

सिनियरांकडे चार वर्षं काढून बेळगावात स्वतःचं ऑफिस थाटलं तेव्हा माझ्याजवळ एक टेबल, दोन खुर्च्या आणि तीन फायली होत्या. त्यातल्या दोन सिनियरांच्याच. ते हायकोर्टाच्या धारवाड बेंचला गेले की इथली तारीख मी सांभाळायची.

वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा बेताचीच हवी. मी वर कन्नडमध्ये नाव घातलं, खाली मराठीत. खानापूरकडची माणसं खालची ओळ वाचून जिना चढायची.

पहिलं वर्ष चेक बाऊन्सच्या केसेसनी तारलं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस, ते संपले की एका महिन्यात फिर्याद. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. मोबाईलच्या भरवशावर मी एकदा तोंडघशी पडता पडता वाचले.

खरी शाळा मात्र वाटणीच्या दाव्यांची. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, तेव्हापासून बहिणी हिस्सा मागायला लागल्यात, आणि आपल्याकडे घर एक असलं तरी जमीन दोन राज्यांत असते. चार एकर खानापुरात, दोन चंदगडात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १७ प्रमाणे अशा मिळकतींचा एकच दावा दोन्हींपैकी कुठल्याही कोर्टात लावता येतो. पण इकडची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कन्नडमध्ये, तिकडचा सातबारा मराठीत, आणि १९५६ च्या आधीच्या नोंदी मुंबई राज्यातल्या. त्यात एखादा मोडीतला कागद निघतोच. मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा. भाषांतर जोडायचं राहिलं की एक तारीख फुकट जाते.

कन्नडला घाबरू नका. कोर्टातले निम्मे शब्द आपलेच निघतात: दावे, वकालत्तु, कैफियत्तु. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला.

माझ्या पहिल्या वाटणीच्या दाव्यात वादी होत्या साठीच्या मावशी. सरतपासाचं, म्हणजे त्यांच्या मुख्य साक्षीचं ॲफिडेव्हिट मी कन्नडमध्ये तयार केलं, घाईत सही घेतली. उलटतपासात समोरच्या वकिलांनी एवढंच विचारलं, ‘‘मावशी, कन्नड येतं तुम्हाला?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मग ह्यात काय लिव्हलंय?’’

‘‘ते मॅडमना ठावं. सही कर म्हटल्या, केली.’’

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. जमिनीचं सगळं मावशींना तोंडपाठ होतं, पण त्या एका उत्तरानं अख्खी साक्ष लंगडी झाली. ती सावरायला मला पुढं बराच घाम गाळावा लागला. मावशी बाहेर येऊन मलाच विचारत होत्या, ‘‘बरोबर सांगितलं न्हवं?’’ काय बोलणार!

तेव्हापासून प्रत्येक ॲफिडेव्हिट मी कलमागणिक मराठीत वाचून दाखवते, आणि ‘मजकूर मराठीत समजावून सांगितला, मान्य आहे’ ही ओळ शेवटी घालते. निम्मा तास जातो. सुरुवातीच्या दिवसांत आपल्याकडे असतो तरी काय, वेळच.

गेल्या महिन्यात नंदगडकडच्या एका मामांनी मला दोनदा वाचायला लावलं. ‘‘तिसरं कलम परत म्हणा बघू,’’ म्हणाले. सर्व्हे नंबरात माझ्या हातून एक आकडा चुकला होता. त्यांना वाचता येत नाही, कानानं पकडला.