नोव्हेंबरअखेरच्या पक्षी-फेरीची तयारी: आधी ऊन कुठे असेल ते बघा

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सासवड-सुप्याच्या बाजूला एका पाझर तलावावर मी १९ माणसं घेऊन गेले. तळ्यात चक्रवाक होते, थापट्या होते, हळदी-कुंकू बदकं तर पन्नासेक असतील. आणि एकाही माणसाला एकाही पक्ष्याचा रंग धड दिसला नाही. आम्ही पश्चिम काठावर उभे, तोंड पूर्वेला, सूर्य थेट समोर, आणि पाण्यावरून तो पुन्हा एकदा डोळ्यांत. सगळे पक्षी काळे. नऊ वर्षांची एक मुलगी तासभर दुर्बीण धरून होती. शेवटी हळूच म्हणाली, "मावशी, चक्रवाक केशरी असतो म्हणाला होतात ना?" ते वाक्य अजून टोचतं, म्हणून ही यादी.

चूक कुठे झाली ते आधी सांगते. जागा मी नीट पाहिली होती, दोन आठवडे आधी जाऊन, पण संध्याकाळी पाच वाजता. गाडीरस्ता पश्चिम काठापर्यंत येतो, तिथे उभी राहिले, मावळतीचं ऊन पाठीवर होतं, समोर एकेक पीस उजळलेलं. वहीत लिहिलं, "जागा उत्तम". फेरी मात्र सकाळी. ज्या वेळेला माणसं न्यायची त्याच वेळेला जागा बघायला जा. सकाळची फेरी असेल तर सकाळी. संध्याकाळी पाहिलेली जागा पाहिलेली धरू नका.

आता ऊन. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो. नोव्हेंबरच्या अखेरीला पुण्याच्या आसपास तो पूर्वेपासून सुमारे २२ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि दिवसभर दक्षिणेच्या बाजूनेच कलून जातो. म्हणून सकाळी तळ्याच्या आग्नेय काठावर उभं राहून वायव्येकडे बघावं, ते सगळ्यात चांगलं. तिथे पोचता येत नसेल तर दक्षिण काठ धरा आणि उत्तरेकडे बघा. या दिवसांत तो काठ सकाळी चालतो, दुपारी चालतो, संध्याकाळीही चालतो. पश्चिम काठ फक्त संध्याकाळचा. फोनमधलं होकायंत्र उघडा, काठावर उभ्या राहा, दिशा कागदावर मांडा. तेही जमत नसेल तर एकच बघा: आपली सावली पक्ष्यांच्या दिशेने पडली पाहिजे. सावली मागे पडत असेल तर जागा बदला. रस्ता चांगला आहे, सावलीला झाड आहे, गाड्या लावायला जागा आहे, ही कारणं देऊ नका. मी तीच दिली होती.

दुसरं, पाणी. पाच ते बारा नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला आठवडा, आपल्याकडे पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्यानंतर लोकांना उत्साह येतो आणि सगळे विचारतात, रोहित (फ्लेमिंगो) दिसतील का, उजनी धरणाच्या काठी भिगवणला जायचं का. पाऊस चांगला झाला असेल तर नोव्हेंबरात उजनीचं पाणी तुडुंब असतं. चिखलाचे काठ पाण्याखाली असतात, आणि रोहितांना, तुतवारांना लागतो तो उथळ चिखलच. पाणी उतरायला लागलं की मग जा. येणाऱ्यांना हे फोनवर आधीच सांगा, काठावर उभं राहून नको. छोट्या पाझर तलावांचंही तसंच: भरलेले असले तर बदकं मधोमध बसतात, म्हणून ओढा तळ्यात शिरतो त्या वरच्या अंगाचा उथळ भाग शोधा. मात्र तिथे उभं राहिल्यावर सूर्य कुठे येतो तेही बघा.

वाटेची परवानगी. माळावरचा रब्बीचा पेरा झालेला असतो. हरभरा वीतभर, ज्वारी कमरेला. बांधावरून एकामागे एक जायचं, पिकातून नाही, आणि ज्यांचा बांध आहे त्यांना आदल्या दिवशी जाऊन भेटायचं. नुसता फोन नको. भेटल्यावर आणखी एक विचारायचं, जे मी विचारलं नाही: "मामा, सकाळी पाखरं कुठल्या अंगाला असतात, आणि बघायला कुठनं बरं?" गेल्या वर्षी आम्ही निघता निघता टायरच्या ट्यूबवर बसून पाण्यात जाळं लावणारे एक मामा काठाला आले आणि म्हणाले, "सकाळचं त्या अंगानं बगायचं ताई, हिकडनं ऊन डोळ्यांत येतंय." रोज पाण्यावर असणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं आणि मी त्यांना एक शब्द विचारला नव्हता. तेव्हा पावणेनऊ वाजले होते. पलीकडचा काठ पाणंदीने अडीच किलोमीटर, मध्ये ओली काळी माती, बरोबर दोन आजी. वेळ गेली होती.

दुर्बिणी. आठ बाय बेचाळीस (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं) असेल तर उत्तम, दहा बाय पन्नास चालते पण हात थरथरतो. दुर्बिणी कमी पडणारच, तीन माणसांत एक हिशोब धरा. निघण्याआधी प्रत्येकाला ती आपल्या डोळ्याला लावून द्या: आधी डावा डोळा मधल्या चाकाने, मग उजव्या भिंगापाशी असलेली कडी फिरवून उजवा. चष्मा असेल तर रबरी कडा खाली. हे तळ्याच्या पाळीवर करायला गेलात तर पहिली पंधरा मिनिटं जातात आणि नेमके तेव्हाच पक्षी उडतात. दव पडतं, भिंगं धूसर होतात, म्हणून सुती फडकं खिशात. आणि मुलांना दुर्बीण हातात देण्याआधी, नंतर नाही, सांगा की सूर्याकडे ती कधीच वळवायची नाही. क्षणभरात डोळा कायमचा जाऊ शकतो. आम्ही सूर्यासमोर उभे होतो आणि मुलांच्या हातात दुर्बिणी होत्या. काही झालं नाही, पण तेव्हा हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, याची मला अजून भीती वाटते. ऊन पाठीशी असलं की हा धोकाही पाठीशी जातो.

कपडे मळखाऊ, पांढरं आणि लाल नको. सकाळी सहाला स्वेटर आणि कानटोपी लागते, दहाला दोन्ही पिशवीत. बूट हवेतच. पायजमा सैल आणि सुती असेल तर कुसळी गवत त्याला असं धरतं की संध्याकाळपर्यंत सोडवत बसाल. नोव्हेंबरात ही कुसळं पिकून तयार असतात आणि मोज्यातून थेट कातडीत शिरतात. पँट जाड कापडाची, मोजे वर ओढलेले, मोज्यांचा एक कोरडा जोड वेगळा, कारण दवाने पहिला भिजतो. सँडल घालून कोणी आलं तर त्याला पाळीवर बसवा, गवतात नेऊ नका. घोणस या दिवसांत सकाळच्या कोवळ्या उन्हाला पडलेली असते आणि वाळल्या गवतात ओळखू येत नाही. अत्तर, सेंट लावू नका, माळावरच्या मोठ्या झाडांना आग्या मोहोळं असतात. पाणी, भाकरी, गूळ-दाणे हे सांगायला नको.

प्रवासाबद्दल एकच, पण मनापासून. उसाची तोडणी सुरू झालेली असते. पहाटे पाचच्या अंधारात रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसतो, ऊस बाहेर आलेला असतो. बैलगाड्याही असतात. दहा मिनिटं वाचवण्यासाठी घाई करू नका, अर्धा तास आधी निघा. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, म्हणजे साडेसहाला काठावर. कुठल्या काठावर ते वर सांगितलं आहे. गाडीत बसण्याआधी पुन्हा एकदा वाचा.

माणसं बारापेक्षा जास्त नकोत. नाही म्हणायला अवघड जातं, तरी म्हणा. एकोणीस माणसांत मागच्या सहा जणांना मी काय बोलले ते ऐकू आलं नव्हतं. अभयारण्यात जायचं असेल, सुप्याच्या मयूरेश्वरला किंवा नांदूर मध्यमेश्वरला, तर वनखात्याच्या फाटकावरची वेळ आणि नोंदणी आधी विचारून घ्या.

तळ्यावरून माळाकडे वळताना विजेच्या तारा बघत चला. खाटीक, नीलपंख, वेडा राघू तारेवरच भेटतात. नागालँडकडून निघालेले अमूर ससाणे याच सुमारास महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे आणि पुढे आफ्रिकेत जातात. नशीब असेल तर एखादा थवा दिसेल, पण येणाऱ्यांना कबूल करू नका. ज्वारी कणसाला आली की भोरड्यांचे थवे तिच्या आसपास असतात. गोफण घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यासमोर "किती सुंदर" म्हणून ओरडू नका, त्याच्या कणसांचा प्रश्न आहे. पखुर्डी ऊन जरा वर आल्यावर पाणी प्यायला येते, तो कोपरा मोकळा सोडा, लांब बसा. भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खाली खाली घिरट्या घालतो, त्याच्या मागे धावू नका. संध्याकाळी ते गवतातच जमिनीवर उतरून एकत्र रात्र काढतात, म्हणून दिवस मावळताना गवतात शिरायचं नाही, कितीही चांगला फोटो मिळत असला तरी. धनगरांचा वाडा दिसला की लांबून हाक मारून पुढे जा. कुत्री आपलं काम चोख करतात. फोनवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणं बंद.

माळावरही तेच, पुन्हा सांगते. चंडोल, माळटिटवी, धाविक हे सगळे मातीच्या रंगाचे. ऊन समोर असलं की ढेकूळ आणि धाविक यांत काही फरक राहत नाही. ऊन पाठीशी असलं की धाविकाच्या डोळ्यावरची पांढरी पट्टी शंभर पावलांवरून दिसते. म्हणून फेरीची दिशा ठरवताना सकाळी पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे चालत जायचं. परतताना तोंडावर ऊन येईल, तोवर दहा वाजलेले असतील आणि पक्षी बसलेले असतील, तेव्हा हरकत नाही.

नोंदीसाठी एक माणूस ठरवा, तुम्ही नको. तुम्ही दाखवाल की लिहाल? ई-बर्ड (पक्ष्यांची यादी नोंदवायचं ॲप) फोनवर आधी उघडून ठेवा, माळावर रेंज नसते. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचा भारतातल्या पक्ष्यांचा भाग घरून उतरवून घ्या. ते ॲप सांगेल ते सगळं खरं धरू नका.

निघताना कागद, साली, बाटल्या गोळा. शेतकऱ्याला सांगून या. घरी पोचलात की दुर्बिणीची पट्टी वाळत घाला, मोज्यातली कुसळं काढा, यादी त्याच दिवशी भरा.

यंदा मी त्याच तळ्यावर जाते आहे, २९ तारखेला. मागच्या रविवारी सकाळी साडेसहाला पाणंदीने चालत जाऊन आग्नेय काठावर उभी राहिले होते. ऊन वर आल्यावर सावली पाण्यावर पडली आणि चक्रवाक केशरी दिसले. त्या मुलीच्या आईला फोन केला आहे.