आरव्हीचा ब्लॅक टँक रिकामा करूनही भरलेला दाखवतो? माझा अनुभव

अ‍ॅरिझोनात हिवाळाभर आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) एकाच जागी होती. ब्लॅक टँक (टॉयलेटचा मैला साठवणारी टाकी) रिकामा केला तरी सेन्सर दोन-तृतीयांश दाखवायचा, वर टॉयलेटमधून वास. बर्फ टाकून गाडी फिरवली, केमिकल दोनदा टाकलं. काही फरक नाही. फार वैतागलो होतो.

कारण साधं होतं: टँक रिकामा करायचा व्हॉल्व्ह कायम उघडा, त्यामुळे पाणी निघून जायचं आणि मैला आत साचून वाळायचा.

व्हॉल्व्ह बंद केला, टँक पाण्यानं जवळजवळ भरला, एन्झाइमचं द्रावण ओतलं, ३ दिवस टॉयलेट वापरलं नाही. मग डम्प स्टेशनवर (असे टँक रिकामे करायच्या जागी) व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला. टॉयलेटमधून फिरतं नोझल घालून, मैला बाहेर नेणाऱ्या होजच्या पारदर्शक जोडात पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुतलं (पिण्याच्या पाण्याची नळी यासाठी कधीच नको). ग्रे टँक (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याचा) शेवटी रिकामा केला, म्हणजे त्या पाण्यानं होजही धुतली जाते.

आता रिकामा केल्यावर व्हॉल्व्ह बंद करून लगेच १२-१५ लिटर पाणी सोडतो.