गणपतीतच लाल होणारं टुपेलो असं लावा

न्यू जर्सीत मेपल रंगायला ऑक्टोबर उजाडतो. आमच्या परसातल्या टुपेलोची एखादी फांदी मात्र गणपती बसतात तेव्हाच लालभडक झालेली असते, बाकी झाड हिरवंगार. नर्सरीत ‘ब्लॅक गम’ म्हणून मागितलंत तरी हेच देतील. हे इथल्याच रानातलं झाड आहे.

पहिलं झाड मी मारलं, ते आधी सांगते. हौसेनं दहाफुटी आणलं, मुळांचा गड्डा पोत्यात बांधलेलं. टुपेलोचं सोटमूळ खोल जातं आणि मोठं झाड काढताना नेमकं तेच तुटतं. दुसऱ्या उन्हाळ्यात नुसती काठी उरली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “अगं, आंबासुद्धा लहान असतानाच लावतात ना!” तेव्हा कुंडीतलं, कमरेएवढंच रोप घ्या.

एप्रिलमध्ये, पानं फुटायच्या आत लावा. त्याआधी आठवडाभर ८११ ला फोन करा. गॅसच्या, विजेच्या लाइनी कुठून गेल्यात ते फुकट आखून देतात. माती आंबट हवी, पीएच साधारण ५.५ ते ६.५. मी रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून तपासून घेतली. चुनखडीच्या मातीत पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पन्हाळीचं पाणी साचतं तो कोपरा मात्र याला चालतो.

खड्डा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली कुंडीएवढीच. रोप उपसलं की मुळं बघा. माझ्या रोपाची शेवयांसारखी गोल गोल गुंडाळलेली होती. ती सुरीनं उभी चिरली आणि हातानं बाहेर पसरली. बुंधा मुळाशी जिथे रुंदावतो तो भाग मातीच्या वर दिसायला हवा. खत नको. आळं करा, तीन इंच मल्च, म्हणजे लाकूड-सालींचा चुरा, घाला, पण बुंध्यापासून वीतभर लांब. इथे जिकडेतिकडे झाडाच्या गळ्यापर्यंत मल्चची भाताच्या मुदीसारखी मूद पाडतात, त्यानं साल कुजते. पहिले दोन उन्हाळे, पाऊस नसेल तर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी, सावकाश. आणि जाळी लावाच, हरणं कोवळे शेंडे खातात.

नर-मादी झाडं बहुधा वेगळी. मादीला काळपट निळी फळं धरतात, म्हणून गाडी उभी करता तिथे लावू नका. रॉबिन पक्षी त्यांवर तुटून पडतात. लवकर लाल होणं हे दक्षिणेकडे निघालेल्या पाखरांना ‘फळं पिकलीत’ म्हणून सांगणं असावं, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो.

वाढ वर्षाला जेमतेम फूटभर, तेव्हा घाई करू नका. आमच्याकडे पत्रीची मारामारच असते, म्हणून मी गणपतीला टुपेलोची दोन लाल पानं वाहते. शास्त्रात बसत नाही, पण गुरुजींनी अजून तरी हटकलेलं नाही.