एनआयएचचा पहिला अर्ज: पाच तारखेची वाट पाहू नका

पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) संपवून अमेरिकेत स्वतःची लॅब उभारायला निघालेल्या आणि एनआयएचकडे (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) पहिला आर०१, म्हणजे संशोधन-अनुदानाचा अर्ज, लिहिणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. स्पेसिफिक एम्स (संशोधनाची उद्दिष्टं) कसे लिहायचे हे सांगणारे पुष्कळ भेटतील. अर्ज पोचवायचा कसा, हे मात्र कुणी बसून सांगत नाही.

नव्या आर०१ च्या नेहमीच्या मुदती ५ फेब्रुवारी, ५ जून आणि ५ ऑक्टोबर, तुमच्या संस्थेच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी पाचपर्यंत. त्या दुपारी सगळा देश एकाच दारात उभा असतो. ते दार म्हणजे ग्रँट्स.गव्ह, सरकारी अनुदानांचे अर्ज घेणारी वेबसाइट. २००९ मध्ये मंदीवरच्या सरकारी मदतीचा पैसा आला, तेव्हा ग्रँट्स.गव्ह हा भार पेलणार नाही असा इशारा मार्चमध्ये खुद्द व्हाइट हाउसच्या बजेट कार्यालयाने दिला होता. एप्रिलअखेर त्या पैशातून एनआयएचने काढलेल्या एकट्या चॅलेंज ग्रँटसाठी २०,००० हून अधिक अर्ज आले. आज यंत्रणा सुधारली आहे, पण गर्दीचा दिवस तो गर्दीचाच.

आता खरा सापळा. नीट वाचा, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या संध्याकाळची धडधड अजून जात नाही. ग्रँट्स.गव्हकडून ‘अर्ज मिळाला’ अशी ईमेल आली की हायसं वाटतं. पण तिथून अर्ज ईआरए कॉमन्सकडे (एनआयएचची स्वतःची अर्जांची ऑनलाइन यंत्रणा) जातो आणि एनआयएचच्या नियमांवर पुन्हा तपासला जातो. वॉर्निंग असेल तर तो पुढे सरकतो, एरर असेल तर तिथेच थांबतो. पीआयच्या (प्रकल्पाचा मुख्य संशोधक, म्हणजे तुम्ही) क्रेडेन्शियल रकान्यात कॉमन्सचं युजरनेम राहून गेलं, एवढंही कारण पुरतं. सगळं पार पडलं तरच कॉमन्समध्ये जुळवलेला पूर्ण अर्ज दिसतो. तो तुम्हाला दिसला नाही, तर परीक्षकांनाही दिसणार नाही.

अर्ज दिसू लागल्यावर तो पाहायला कामकाजाचे दोन दिवस मिळतात. ही वाढीव मुदत आहे असं समजू नका! पाच वाजून गेल्यावर दुरुस्त करून पाठवलेला अर्ज उशिराचा धरला जातो. म्हणजे पाच तारखेला चार वाजता पाठवलात, पावणेपाचला एरर आली, तर हातात पंधरा मिनिटं. तेवढ्यात फाइल बदला, विद्यापीठाच्या ग्रँट ऑफिसातला माणूस शोधा, कारण संस्थेच्या वतीने बटण तोच दाबू शकतो, आणि पुन्हा रांगेत लागा. दोन तारखेला पाठवलात तर तीच एरर किरकोळ ठरते: ‘चेंज्ड/करेक्टेड’ निवडून अर्ज पुन्हा पाठवा, नवा अर्ज जुन्याची जागा घेतो. मुदतीच्या आत असं पुन्हा पाठवल्याने गुणांवर काही परिणाम होत नाही, त्यामुळे भिऊ नका.

‘आम्ही तर नेहमी साडेचारला पाठवतो’ म्हणणारे मेंटॉर भेटतील. त्यांच्याकडे वीस वर्षं मुरलेला स्टाफ आहे, तुमच्याकडे नाही. विज्ञानाबद्दल त्यांचं जरूर ऐका, वेळापत्रकाबद्दल नको. सीनियरच्या अर्जाचा जुना फॉर्म-संच उघडून त्यातच भरत जाण्याची युक्ती तर मला मुळीच पसंत नाही. फॉर्मची आवृत्ती बदलत असते. २५ जानेवारी २०२५ पासूनच्या मुदतींना फॉर्म्स-आय ही आवृत्ती लागू झाली आणि जुना फॉर्म बाद झाला.

यंत्रणाच बंद पडली, तर पाच वाजायच्या आत ईआरए सर्व्हिस डेस्कला कळवा, तिकीट नंबर घ्या, स्क्रीनशॉट ठेवा. त्यांच्या बाजूच्या बिघाडाची अशी नोंद असेल तर ते ऐकून घेतात. तुमच्या विद्यापीठाचं इंटरनेट गेलं, ही सबब चालत नाही.

विद्यापीठाच्या ग्रँट ऑफिसची स्वतःची मुदत याच्याही आधी असते. त्या माणसांना महिनाभर आधी भेटा, बजेट दाखवा. नव्या संस्थेत गेला असाल तर तुमचं जुनं कॉमन्स खातं तिथे जोडून त्यावर पीआयचा रोल लावून घ्यायचं काम याच आठवड्यात करा. पोस्टडॉकच्या रोलवर अर्ज अडतो. आणि अर्ज कॉमन्समध्ये दिसला की पानन् पान उघडून पाहा: आकृत्या स्पष्ट आहेत ना, आणि रिसर्च स्ट्रॅटेजीच्या (अर्जातला मुख्य संशोधन-आराखडा) जागी शेवटचा ड्राफ्टच गेला आहे ना.