ड्रायर फिरतो, पण कपडे गारच? आधी जाळीवर पाणी ओता

नागपुरात श्रावणाची झड लागली की गॅलरीतल्या कपड्यांना कुबट वास सुटतो, आणि नेमका तेव्हाच ड्रायर नुसता फिरतो, तापत नाही. मेकॅनिकला बोलावण्याआधी प्लग काढून एवढं बघा:

१. लिंटची (कपड्यांतून निघणारे बारीक तंतू अडवणारी) जाळी काढून नळाखाली धरा. स्वच्छ दिसत असली तरी पाणी आरपार न जाता वरच साचलं, तर फॅब्रिक कंडिशनरचा न दिसणारा थर बसलाय. जुना टूथब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्याने घासा, पूर्ण वाळवूनच बसवा. बहुतेक जण ही जाळी फक्त झटकतात, म्हणून हा थर तसाच राहतो.

२. मागचा पाइप दुमडला किंवा भिंतीला दबला असेल तर मोकळा करा. हवा अडली की आत उष्णता साठते आणि थर्मोस्टॅट हीटर बंद करतो.

३. प्रोग्रॅम थंड हवेवर नाही ना, तेही पाहा.

तरीही गरम होत नसेल तर थर्मल फ्यूज (मशीन फार तापलं की वीज तोडणारा भाग) किंवा हीटरची कॉइल गेली असेल. ते मेकॅनिकचं काम. फ्यूजच्या जागी नुसती वायर मात्र जोडू देऊ नका, आग लागू शकते.