कलासंग्रहालयात छायाचित्रे काढताना या चुका टाळा

जून २०२५ मध्ये फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात एक पर्यटक मेदिची या तिथल्या जुन्या राजघराण्यातील राजपुत्राच्या चित्रासमोर त्याच्यासारखाच ऐटीत उभा राहिला आणि तोल जाऊन मागच्या कॅनव्हासवर आदळला. चित्राला भोक पडले. २०१६ मध्ये लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात छायाचित्रासाठी मागे सरकणाऱ्या पर्यटकाच्या धक्क्याने अठराव्या शतकातील संत मायकेलची मूर्ती कोसळली. नियम मोडायचा म्हणून कोणी हे केले नव्हते, पण पाठ कलाकृतीकडे असली की एवढे सहज घडते. म्हणून मागे सरकण्याआधी वळून पाहावे आणि पाठीवरची सॅक सामानघरात ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे फ्लॅश ‘ऑटो’वर राहणे. दालनातला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. कागदावरील लघुचित्रे, जलरंग आणि वस्त्रे यांच्यासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) ही मर्यादा मानतात, कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि ही हानी साठत जाते. अंधार दिसताच फोन आपणहून फ्लॅश मारतो, तेव्हा फ्लॅश दाराबाहेरच बंद करावा. कॅमेऱ्याचा फोकससाठी पेटणारा केशरी दिवा बंद करायचे तर हमखास विसरले जाते.

फ्लॅशविना छायाचित्र हलते, ही तक्रार खरी आहे. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, म्हणून कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास रोखून लागोपाठ तीन-चार छायाचित्रे घ्यावीत. लघुचित्रावरच्या काचेत स्वतःचाच पांढरा सदरा उमटत असेल, तर फोन काचेला टेकवू नये. अर्धे पाऊल बाजूला सरकून किंचित तिरप्या कोनातून पाहिले की नक्षीची सोनेरी रेघ स्वच्छ दिसू लागते.

एका दालनात परवानगी आहे म्हणून सगळीकडे आहे, असेही गृहीत धरू नये. व्हॅटिकनच्या इतर दालनांत फ्लॅशविना छायाचित्रण चालते, सिस्टीन चॅपेलमध्ये मात्र मनाई आहे.

छायाचित्र काढण्याची परवानगी म्हणजे ते छापण्याची परवानगी नव्हे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चित्राचा स्वामित्वहक्क टिकतो. १९०६ मध्ये निवर्तलेल्या राजा रविवर्मांची चित्रे आज मुक्त आहेत, पण २०११ मध्ये गेलेल्या एम. एफ. हुसेन यांची नाहीत. जहांगीर कलादालनात तर चित्रकार अनेकदा समोरच बसलेला असतो. फोन वर करण्यापूर्वी त्यालाच विचारावे.